तिसरी हाक

तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटाचं लाकडी दार मीटरकाकांनी उघडलं, आत डोकं घातलं आणि ते नुसतेच उभे राहिले. आकडे केव्हाच वहीत उतरले होते. चार घरांची पाण्याची चार मीटरं, त्यातलं एक वर्षभर बंद असलेल्या घराचं. त्यात एवढं बघण्यासारखं काय असणार? पण कपाटात डोकं घातलेला माणूस कामातच आहे असं जगाला वाटतं, आणि जिन्यात दम खायला याहून अब्रूदार जागा नाही.

"काका, काही बिघडलंय का?" मागून विचारणा झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई हातात कचऱ्याची बादली घेऊन उभ्या होत्या.

"नाही बाई. काच धुरकटलीय, आकडा नीट लागत नाही."

"मागच्या महिन्यात चौथ्या मजल्यावरची काच धुरकटली होती. त्याच्या आधी पाचव्या." बाईंनी आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या होत्या, त्यांच्या नजरेतून काय सुटणार! "या महिन्यात तिसऱ्यावर आली वाटतं."

काका कपाटातल्या कपाटातच हसले. हसताना दम आणखी लागला, म्हणून हसणंही आवरतं घ्यावं लागलं.

बाई बोलल्या त्यात खोट नव्हती. एकतीस वर्षं काका याच भागातली मीटरं वाचत होते, आणि या सहा मजली इमारतीचा जिना म्हणजे त्यांची तब्येत मोजायची पट्टी होती. आठ वर्षांपूर्वी हृदयाची झडप ढिली झाली, तेव्हाही आधी पाचव्यावर थांबावं लागलं, मग चौथ्यावर, मग दुसऱ्यावर. मग छाती उघडून डॉक्टरांनी झडप दुरुस्त केली आणि काका पुन्हा न थांबता सहाव्यापर्यंत जाऊ लागले. आठ वर्षं तसे चढत राहिले. आणि आता चार महिन्यांपासून जुनं दुखणं एकेक पाऊल टाकत परत येत होतं. जिन्यात धाप, झोपताना दोन उश्या, संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ, आणि मध्येच छातीत होणारी ती फडफड. ही सगळी जुनी पाहुणेमंडळी, काकांनी त्यांना बरोबर ओळखलं. न कळवता आली होती आणि मुक्काम लांबवायच्या बेतात होती.

मग हा माणूस डॉक्टरकडे का जात नव्हता? मूर्ख होता का? नाही. भित्रा? थोडासा, पण तेही कारण नव्हतं. कारण घरी होतं. ते शाळेतून येऊन चहा टाकत होतं, आणि त्याच्या छातीवर प्रथमोपचाराचा लाल बिल्ला होता.

काकू शाळेच्या शिशुवर्गात मदतनीस. मुलांची नाकं पुसायची, बूट घालून द्यायचे, रडणाऱ्याला कडेवर घेऊन पटांगणाला फेऱ्या मारायच्या. मुलं त्यांना मावशी म्हणत. पण घरात त्यांचं नाव गडबड. लग्न होऊन आल्याच्या पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी ते ठेवलं आणि ते असं चिकटलं की चिकटलंच. बिचाऱ्या सासूबाईंचा तरी काय दोष? काकू दूध ठेवायच्या आणि ते उतू जायचं. कुलूप लावायच्या, किल्ली आत. एकदा पाहुण्यांना जेवायला बोलावून स्वतःच शेजारणीसोबत कापडं बघायला निघून गेल्या होत्या. बाईचा जीव मोठा, हात खंबीर, मन तर आरशासारखं, पण डोकं नेहमी पायांच्या दोन पावलं पुढे. काकांची धाकटी बहीण तर त्यांना सरळ गडबडवहिनी म्हणायची, त्यांच्या तोंडावर, लोकांच्या देखत. काकू हसायच्या. तेहतीस वर्षं त्या हसत आल्या होत्या.

चार महिन्यांपूर्वी शाळेत एक शिक्षक रबरी पुतळा घेऊन आला आणि माणूस बेशुद्ध पडला तर काय करायचं ते त्याने सगळ्यांना शिकवलं. आधी हाक मारायची, खांदा हलवायचा. मग गाल नाकापाशी नेऊन दहा आकडे मोजायचे. श्वास लागला नाही तर कुणाला तरी मदतीला बोलवायला सांगायचं, आणि दोन्ही हात छातीवर ठेवून दाबायचं. इतर बायका लाजत लाजत पुतळ्याला चापटी मारल्यासारखं करत होत्या. काकूंनी दाबलं तर पुतळ्यातून टक्कन आवाज आला. शिक्षक म्हणाला, "बघा. असं दाबायचं असतं." घरी येऊन हे वाक्य त्यांनी काकांना तीनदा ऐकवलं.

त्यानंतरच्या रविवारी ते घडलं. जेवण झालं होतं आणि काका चटईवर आडवे झाले होते. धाकटी बहीण चार दिवस राहायला येणार, म्हणून माळ्यावरची घडीची खाट उतरवायची होती. काकूंनी स्वयंपाकघरातून पहिली हाक मारली, "अहो, खाट." काकांनी ती ऐकली. त्यांनी डोळे मिटून घेतले. रविवारी दुपारी खाट उतरवायची वेळ आल्यावर कुठला नवरा डोळे मिटत नाही? दुसरी हाक दारातून आली, जरा चढ्या आवाजात. काका तसेच. मग त्या जवळ आल्या, वाकल्या, त्यांनी खांदा गदागदा हलवला आणि तिसरी हाक मारली.

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही म्हणतात, तेच खरं. तिसऱ्या हाकेलाही काका उठले नाहीत. का, ते त्यांनी नंतर बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा. काकूंचा गाल त्यांच्या नाकापाशी आला, तेव्हा काकांना वाटलं, ही आपलं सोंग पकडायला बघतेय. म्हणून त्यांनी श्वास धरला. काकू पुटपुटत मोजत होत्या. दहा झाले. दाराकडे तोंड करून त्या एकदाच ओरडल्या, "कुणीतरी या हो," आणि पुढच्याच क्षणी काकांच्या छातीवर आभाळ पडलं.

पहिल्याच दाबात छातीतली सगळी हवा निघून गेली. थांब म्हणायचं होतं, पण म्हणणार कशाने? बरगडीत काहीतरी कडकन वाजलं. तीस वर्षं पोरं उचलून कमावलेले हात होते ते. काकांनी मनात मोजले, सतरा दाब झाले, तेव्हा कुठे त्यांच्या हाताला काकूंचं मनगट सापडलं. त्यांनी डोळे उघडले. काकू त्यांच्या अंगावर वाकलेल्या, केस सुटलेले, डोळ्यांतलं आणि नाकातलं पाणी एकच झालेलं. "आलात," त्या म्हणत होत्या. "आलात तुम्ही. आलात परत."

आता तुम्हीच सांगा, त्या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं की मी गेलोच नव्हतो?

काकांनी विचारलं, "काय झालं गं?" बस्स. त्या तीन शब्दांनी पुढचे चार महिने बांधून ठेवले.

गल्लीतल्या डॉक्टरांनी बरगडीला चीर गेल्याचं सांगितलं, ती आपोआप भरेल म्हणाले, आणि काकूंच्या पाठीवर थाप मारली. शाळेने सभागृहात टाळ्या वाजवल्या, बिल्ला दिला आणि दर शुक्रवारी इतर मदतनिसांना शिकवायचं काम काकूंकडे सोपवलं. परगावच्या मुलीने फोनवर सांगितलं, "आई, तुझ्यामुळे माझे बाबा आहेत." धाकटी बहीण राहायला आली, सगळी हकिगत ऐकून भावजयीच्या गळ्यात पडली, आणि त्या दिवसापासून गडबडवहिनीतला पहिला शब्द गळून नुसतं वहिनी उरलं. काकूंचं चालणंही बदललं. पायांना आणि डोक्याला एकमेकांची गाठ पडल्यासारखी झाली. त्या चार महिन्यांत घरात एकदाही दूध उतू गेलं नाही. काका हे सगळं बघत होते, आणि छातीतली फडफड गिळून गप्प बसत होते. झाकली मूठ आपल्याच हातात राहिली तर बरी, असं त्यांचं गणित. डॉक्टर विचारणार, काय झालं होतं? आणि खरं सांगितलं की बायकोने वाचवलेला नवरा तिनेच आजारी पाडलेला ठरणार. त्यापेक्षा काच धुरकटलेली बरी.

पण उशी काही लपत नाही.

"ही दुसरी उशी कशाला?" एका सकाळी काकूंनी अंथरूण काढताना विचारलं.

"मानेला बरं वाटतं."

"आणि पायांना? मोज्यांचे वळ बघा कसे आलेत. बोट ठेवलं तर खड्डा पडतोय." त्यांनी खरोखरच बोट ठेवलं, आणि खड्डा पडलेला दोघांनी बघितला. "मला आता कळतं हं यातलं. उठा. इस्पितळात जायचंय."

"पुढच्या आठवड्यात जाऊ. या आठवड्यात मीटरं—"

"मीटरं कुठे पळून जात नाहीत," काकू म्हणाल्या. "तुम्ही मात्र एकदा पळाला होतात."

काका उठून शर्ट शोधू लागले.

इस्पितळातल्या हृदयाच्या डॉक्टरबाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. पूर्वी ऑपरेशन करणारे डॉक्टर निवृत्त झाले होते, पण त्यांचे जुने कागद फायलीत होते. बाईंनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, मग छातीवर थंडगार मलम लावून पडद्यावर हृदय बघितलं. शेवटी दोघांना समोर बसवून म्हणाल्या, "झडप पुन्हा गळतेय. झडपेला छत्रीच्या काड्यांसारख्या बारीक दोऱ्या असतात, त्यातली एक तुटलेली दिसते. मध्यंतरी काही झालं होतं का? छातीला मार वगैरे?"

हा प्रश्न काकांना कळायच्या आत काकूंची कहाणी सुरू झाली होती. चटई, खाट, तीन हाका, गाल, दहा आकडे, सतरा दाब. एव्हाना ती त्यांना तोंडपाठ होती आणि त्यात कुठे थांबायचं तेही माहीत होतं. डॉक्टरबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे दोन शक्यता आहेत," त्या काकांना म्हणाल्या. "हृदय त्या दिवशी आपोआप बंद पडलं असेल, तर मूळ बिघाड ठोक्यांत आहे, आणि तो पुन्हा कधीही होऊ शकतो. मग मी छाती उघडायची घाई करणार नाही. आधी त्याचा शोध, ठोके सांभाळणारं यंत्र, औषधं. झडप मागे राहील, आणि ती तोवर किती टिकेल ते मी सांगू शकत नाही. पण त्या दिवसापर्यंत हृदय धडधाकट असेल आणि दोरी दाबामुळे तुटली असेल, तर गोष्ट वेगळी. मग याच आठवड्यात झडप शिवायची, आणि तुम्ही चांगले बरे व्हाल. तर मला नीट आठवून सांगा. शुद्ध गेली त्याआधी काय झालं? चक्कर आली? डोळ्यांपुढे अंधारी?"

काकांनी बायकोकडे बघितलं. ती त्यांच्याकडे, चांगल्या विद्यार्थ्याकडे बघावं तशी, उत्तराची वाट बघत होती.

"काही आठवत नाही," काका म्हणाले.

डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि ठोक्यांची पट्टी काढून आणायला त्यांना शेजारच्या खोलीकडे पाठवलं. तिथे रांग होती. काका भिंतीलगतच्या बाकावर बसले. काकूंच्या शेजारी एक तरुण बाई होती, तिचा नवरा आत तपासायला गेला होता आणि ती पदराचं टोक पिळत रडवेली झाली होती. काकूंनी लगेच तिची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि त्या पिशवीवर हात ठेवून दाबायचं कसं ते दाखवायला सुरुवात केली.

"घाबरायचं नाही," त्या सांगत होत्या. "मी बघ, शिकलेली ना सवरलेली. पण यांना परत आणलं की नाही?"

"परत झालं तर, या भीतीने झोप नाही येत हो," ती बाई म्हणाली.

"झोप कुणाला येते?" काकूंनी आवाज खाली आणला, पण काकांना ऐकू येत होतं. "मीही झोपत नाही. चार महिने झाले. तास-दीड तासाने जाग येते, मग यांच्या नाकापाशी गाल लावून बघते. श्वास लागला की पडते पुन्हा. यांना नाही सांगितलं. उगाच काळजी करतील."

काका भिंतीकडे बघत बसले. त्यांना वाटत होतं, आपण बायकोला एक मोठी भेट देऊन गुपचूप जपतोय. आणि तिची झोपच त्यांनी चोरली होती. चार महिने, दर रात्री, चार-पाच वेळा. तिच्या डोळ्यांखाली आलेली काळी वर्तुळं त्यांनी बघितली नव्हती असं नाही. शाळेचं काम वाढलंय, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पाण्याच्या मीटरातला एक आकडा चुकला तर सहा मजले परत चढणारा माणूस, आणि शेजारी निजणाऱ्या बाईच्या बाबतीत एवढा मोठा आकडा चुकला. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. ते उठले.

"नंबर आला नाही अजून," काकू म्हणाल्या.

"चल. डॉक्टरबाईंकडे चल."

"अहो पण पट्टी—"

"चल म्हणतो ना."

डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर काका बसलेच नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभ्या उभ्याच बोलले. बसलो असतो तर बोललो नसतो, असं पुढे ते म्हणाले.

"माझी शुद्ध गेली नव्हती. चक्कर नाही, अंधारी नाही, काही नाही. मी जागा होतो. झोपेचं सोंग घेतलं होतं, खाट उतरवायचा कंटाळा म्हणून. हिने तीन हाका मारल्या, त्या तिन्ही मला ऐकू आल्या. हिने गाल लावला तेव्हा मी श्वास धरला. दहा आकडे होईपर्यंत धरला. हिला शिकवलं होतं तसंच हिने सगळं केलं, तिच्याकडून कुठेही चूक झाली नाही. तोवर मला काही म्हणजे काही त्रास नव्हता. सहा मजले चढत होतो मी."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही हे पंधरा मिनिटांपूर्वी सांगायला हवं होतं. चार महिन्यांपूर्वी तर नक्कीच. पण यात तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. तुमचं हृदय मजबूत आहे. गुरुवारी दाखल व्हा."

काकूंनी फाईल उचलली, कागद सरळ केले आणि त्या बाहेर चालू लागल्या, इतक्या हळू की काकांनाही गाठता आल्या.

इस्पितळाच्या फाटकाबाहेर बसथांबा होता. दोन बसगाड्या येऊन गेल्या. काकू उठल्या नाहीत, म्हणून काकाही उठले नाहीत. झडपेचं काय व्हायचं ते होवो, पण ही बाई गप्प बसलेली त्यांनी तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच बघितली होती.

"तीन हाका मारल्या मी," शेवटी काकू म्हणाल्या.

"हो."

"ऐकल्यात."

"ऐकल्या."

"पहिली ऐकून नाही उठलात, ठीक आहे. दुसरी ऐकून नाही उठलात, तेही समजू शकते, खाट जडच आहे. पण तिसरी? तिसऱ्या वेळी मी कशी मारली होती हाक, ते कळलं नाही तुम्हाला? जीव गेला होता माझा. आणि तुम्ही पडून राहिलात. मजा बघत."

"मजा नाही."

"मग काय?"

काकांना धाप लागली होती, पण ती जिन्याची नव्हती.

"तू मला रोज पन्नास हाका मारतेस," ते म्हणाले. "तेहतीस वर्षं मारतेयस. प्रत्येक हाकेच्या मागे काहीतरी काम असतं. खाट काढा, नळ बघा, दिवा बदला. माझी तक्रार नाही, घर म्हटलं की तसंच असतं. पण त्या तिसऱ्या हाकेत काम नव्हतं. त्यात नुसता मी होतो. तसा आवाज माझ्यासाठी कुणी काढेल असं मला कधी वाटलंच नव्हतं गं. आईनेसुद्धा कधी काढला नव्हता. मला वाटलं, अजून एकदा ऐकावा. म्हणून पडून राहिलो. एवढंच."

काकू रस्त्याकडे बघत होत्या. तिसरी बस आली, दार उघडलं, बंद झालं आणि ती निघून गेली.

"आणि मी चौथी हाक मारलीच नाही," त्या म्हणाल्या. "सरळ छातीवर बसले."

"हो ना."

"मागायचं होतं."

"मागून येतो का तसा आवाज?"

काकूंनी जरा विचार केला. "नाही येत," त्या म्हणाल्या. मग डोळे पुसले, नाक ओढलं आणि दोघांच्या मध्ये ठेवलेली फाईल मांडीवर घेऊन ती जागा मोकळी केली. पण त्या सरकल्या नाहीत. एवढ्यात नाही. चार महिन्यांच्या झोपेची थकबाकी होती, ती काय एका वाक्यात फिटते?

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेल्या आणि संध्याकाळी उशिरा आल्या. काका दारातच होते.

"सांगितलंस?"

"मोठ्या बाईंना आधी सांगितलं. त्या म्हणाल्या, असू दे, कशाला बोलता चारचौघांत, आहे ते आहे तसंच राहू द्या."

"मग?"

"मग मधल्या सुट्टीत मी चारचौघांतच सांगितलं. सगळ्यांना खोलीत बोलावून." काकूंनी चपला काढल्या, एकीवर एक नीट ठेवल्या. "काही हसल्या. हसायचंच की. शुक्रवारचं शिकवणं आता दुसऱ्या बाईंकडे गेलंय. तुमच्या बहिणीलाही फोन केला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, गडबडवहिनी, तुझ्यासारखी तूच."

काकांनी मान खाली घातली. तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला आणि काकू धावल्या. ते काकांनीच ठेवलं होतं. त्या रात्री मात्र काकू झोपल्या त्या थेट उजाडेपर्यंत. काका दोन उश्यांवर टेकून त्यांच्याकडे बघत राहिले. घोरत होत्या.

गुरुवारी सकाळी दोघं इस्पितळात हजर झाली. काकांना मागून नाड्या बांधायचा तो निळा अंगरखा दिला गेला. त्यात ते चुरगळलेल्या टपालासारखे दिसत होते, असं काकूंनी त्यांना सांगितलंही. मग एक शिकाऊ डॉक्टर आला. पोरगेलासा, डोळ्यांत जागरण. हातात फॉर्म. वय, वजन, औषधं, आधीचं ऑपरेशन, एकेक रकाना भरत तो खाली आला.

"छातीला मार कशाने लागला?"

काकांनी उत्तर आधीपासून तयार ठेवलं होतं. डॉक्टरबाईंना खरं माहीत होतं, औषधपाण्याला तेवढं पुरे. उरलेल्या जगाला कशाला? "जिन्यात पडलो," ते म्हणाले. "मीटर वाचताना."

"पडले नाहीत," काकू म्हणाल्या. "मी दाबली छाती. मी त्यांची बायको."

पोराने वर बघितलं, फायलीतला डॉक्टरबाईंचा कागद उलटून वाचला आणि त्याला उलगडा झाला. "अच्छा, अच्छा. ते होय. म्हणजे चुकून," तो म्हणाला, आणि लिहू लागला.

"चुकून नाही."

त्याचं पेन थांबलं. काकूंनी हातातली पिशवी खाटेवर ठेवली होती.

"खोडा ते," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी हाक मारली. खांदा हलवला. गाल लावून दहा आकडे मोजले. श्वास नव्हता. मदतीला हाक दिली. मग दाबली. आयुष्यात बऱ्याच गोष्टी माझ्या हातून चुकून झाल्यात, त्या सगळ्या लिहा हवं तर. ही नाही."

पोरगा काकांकडे बघू लागला.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "तिने सगळं बघून केलं. श्वास मी धरला होता."

"तुम्ही धरला होता? का?"

काकांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी काकूच बोलल्या. "ते आमचं घरचं आहे. त्याला रकाना नाही तुमच्या कागदात."

पोराने कागद खालून वर एकदा बघितला. खरंच नव्हता. मग त्याने 'चुकून' या शब्दावर एक आडवी रेघ मारली. काकू वाकून बघत होत्या. एका रेघेने शब्द अजून वाचता येत होता, म्हणून त्यांनी त्याला आणखी दोन मारायला लावल्या. तो पुरता दिसेनासा झाल्यावर मगच त्या खाटेच्या कडेला काकांना लागून बसल्या, आणि त्यांच्या शर्टाची घडी घालू लागल्या.